शेवंतीचे गार हात

आश्विन लागला होता. आभाळ धुवून वाळत घातल्यासारखं निरभ्र, निळंभोर. त्याच्याखाली अथांग नीलमण्यासारखा समुद्र नुसता पडून होता, न हलता, न बोलता. माडांच्या झावळ्यांवरून ऊन ओघळत होतं, पुळणीवर सांडत होतं, उलट्या घातलेल्या होड्यांच्या पाठींवर साचत होतं. सुवर्णवर्णी, सुंदर, आणि विंचवासारखं डसणारं ऊन. कोकणात या दिवसांना चांगले दिवस म्हणणारा माणूस एक तर पाहुणा असतो, नाहीतर कवी.

आडबंदरची शेवंती खवणेकर या दोहोंपैकी कुणीच नव्हती. ती पडवीच्या सावलीत, उन्हाच्या कडेपासून वीतभर आत सरकून बसली होती. घरात तिच्या भावाची आठ दिवसांची लेक झोपली होती. बारा वर्षांच्या वाटेनंतर आलेली, गोरीगोमटी, मूठभर, दुग्धगंधी लेक.

आणि शेवंतीने अजून तिला हात लावला नव्हता.

लावावासा वाटत नव्हता असं नाही. वाटत होतं, फार वाटत होतं. इतकं की बाळ रडलं की हिचे हात आपोआप पुढे व्हायचे, आणि मग ती ते ओढून पदराखाली न्यायची. ज्या हातांत बाळ असायला हवं होतं, तेच हात तिचे वैरी झाले होते.

किती केलं होतं त्या हातांनी! सागरजलक्षालित, उन्हात रापलेले, श्यामल आणि बळकट हात. आई गेली तेव्हा बाबल दीड वर्षाचा आणि शेवंती सोळाची. त्या हातांनी बाबलला न्हाऊ घातलं, भरवलं, झोपवलं, शाळेत ओढत नेलं. त्याच हातांनी पहाटेच्या लिलावात बांगडा उचलला, बर्फात रचला, पाटी डोक्यावर चढवली. चौतीस वर्षं चुंबळीवर पाटी आणि पाटीखाली शेवंती. तिच्या लग्नाचं वय त्या पाटीखालून केव्हा निघून गेलं ते तिला कळलं नाही, आणि कळलं तेव्हा तिने हसून पाटी दुसऱ्या अंगाला कलती केली.

मग तीन वर्षांपूर्वी, अशाच एका आश्विनात, हातांना ती खाज सुटली.

कातडीवर काही नव्हतं. पुळी नाही, पुरळ नाही, डाग नाही. जे होतं ते आत होतं, कोपराच्या वर आणि कोपराच्या खाली, कातडी आणि हाड यांच्यामधल्या कुठल्या तरी अंधाऱ्या गल्लीत. तिथे मुंग्यांची रांग चालायची. कधी मुंग्या चालायच्या, कधी चावायच्या, कधी त्यांच्या पायांना आग लागायची. खाजवलं की क्षणभर सुख, आणि त्या सुखाच्या पाठोपाठ दुप्पट आग. खाजवू नये तर जीव जातो, खाजवावं तर कातडं जातं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

तिने काय करायचं ठेवलं? कडुनिंबाचा पाला वाटून लावला. आमसुलाचं पाणी चोळलं. खोबरेल तेलात कापूर घातला. तालुक्याहून मलमांच्या नळ्या आणल्या, पांढऱ्या, पिवळ्या, एक तर वास घेताच शिंका येणारी. देवीचा अंगारा लावला. काचेच्या बांगड्या उतरवल्या, कारण त्यांच्याच कडांनी ती स्वतःला रक्त येईस्तोवर ओरबाडायची. हातांवर नखांच्या रेघा उमटल्या. ताज्या रेघा लाल, जुन्या रेघा काळ्या, मिटत चाललेल्या राखाडी.

अखेर वाडीने निदान केलं. कोळंबी सोलणाऱ्या बाईचे हात खाजतात हे किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. ‘कोळंबीचो काटो बाधलो तुका,’ असं सगळ्या म्हणाल्या, आणि शेवंतीला ते पटलं. तिने कोळंबी सोडली. खाज गेली नाही. मग बांगडा सोडला, मग तारली, मग सुरमईसुद्धा. खाज होती तिथेच. गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी तिने चुंबळ खुंटीला अडकवली, पाटी उलटी घालून ठेवली आणि चौतीस वर्षांचा धंदा एका सकाळी संपवला.

आणि नवल असं, की त्या दिवसापासून खाज दुपटीने वाढली.

हे तिला फार लागलं. आपण समुद्राला पाठ दाखवली आणि समुद्राने शाप दिला, असं तिच्या मनाने घेतलं. मनाने एकदा घेतलं की शेवंतीच्या मनातून ते काढायला ब्रह्मदेवाला खाली यावं लागलं असतं, आणि त्यालाही तिने आधी चहा विचारला असता.

अशा वेळी घरात बाळ आलं. शेवंतीच्या डोळ्यांसमोर लगेच जुनी गोष्ट उभी राहिली. बाबल चार वर्षांचा असताना त्याला खरूज झाली होती. ती त्याच्याकडून हिला आली, हिच्याकडून शेजारच्या चार घरांत गेली, आणि पावसाळाभर अख्खी वाडी खाजवत बसली. अंगाला अंग लागलं की खाज पसरते, हे ती स्वतःच्या अंगाने शिकली होती.

“माजे हात तिका लावचंय नाय,” तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. “लोण्यासारख्या अंग आसा पोरीचा. माझी आग तिच्या अंगाक लागली तर मी खंय तोंड दाखवू?”

बाबल समुद्रावरचा गडी, सहा फुटांचा, दाढीवाला. तो घरापुढच्या खळ्यात उभा राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. “गो आका, बारा वर्सांनी पाळणो हलता हा आमच्या घरात,” तो म्हणाला. “आत्येनं नाव ठेवचा नाय तर कोणी ठेवचा?”

बाराव्या दिवशी बारसं होतं. बाळाची आत्या एकच, आणि आत्याचा मान एकच. बाळाला पाळण्यावरून फिरवायचं, मांडीवर घ्यायचं, त्याच्या इवल्या कानाला ओठ लावून नाव सांगायचं. जगात त्या बाळाला त्याच्या नावाने हाक मारणारा पहिला आवाज आत्याचा. शेवंतीने बाबलच्या लग्नापासून त्या क्षणाची वाट पाहिली होती. आता तो चार दिवसांवर आला होता आणि तिने मनातल्या मनात शेजारच्या काशीला आत्या करून टाकलं होतं.

असा तो आठवा दिवस. दुपार कलत होती. बाबलने पाहुण्यांसाठी सुरमई आणली होती, हातभर लांब, रजतशुभ्र, थर्माकोलच्या खोक्यात बर्फाखाली दडवलेली. खोकं विहिरीजवळ ठेवून तो जाळ्याकडे गेला. मासा उन्हात राहील म्हणून शेवंती उठली. धंदा सोडला तरी माशाची काळजी काही सुटली नव्हती. तिने पदर खोचला आणि मासा उचलण्यासाठी दोन्ही हात कोपराच्या वरपर्यंत बर्फात घातले.

आणि ती थांबली.

बर्फाचा चुरा खसखसला, सरकला, तिच्या हातांभोवती मिटला. शुभ्र, स्फटिकशीतल, मुका बर्फ. पहिल्यांदा एक कळ उठली, हाडापर्यंत गेली. मग कळ विरली. मग मुंग्या थबकल्या. मग मागे फिरल्या. मग त्या अंधाऱ्या गल्लीत, जिथे वर्षभर एक क्षण शांतता नव्हती, तिथे शांतता आली.

नुसती शांतता.

शेवंतीने डोळे मिटले. आपल्याला हात आहेत हे ती विसरली, आणि हात असण्याचं खरं सुख तेच असतं. ऊन पाठीवर होतं, माडाची सावली पायाशी होती, लाटांचा आवाज येत होता. गेल्या वर्षभरात लाटांचा आवाज आपण ऐकलाच नाही, हे तिला तेव्हा कळलं. तिच्या गालांवरून पाणी ओघळून हनुवटीशी आलं आणि तिला ते पुसताही येईना, कारण हात बाहेर काढायचे नव्हते.

हे सगळं खिडकीतून सुचिताने पाहिलं. सुचिता बाबलची बायको, शेवंतीची भावजय; अबोल बाई, पण तिच्या नजरेतून काही सुटत नसे. तिने बाळाला दुसऱ्या अंगाला घेतलं आणि मनाशी काहीतरी ठरवलं.

दहाव्या दिवशी सुचिताला टाके दाखवायला तालुक्याच्या दवाखान्यात जायचं होतं. “ताई, तुमीच चला माज्यावांगडा,” ती म्हणाली. बाळ बाबलकडे, पिशवी शेवंतीकडे, अशी वरात निघाली. टाके पाहून झाले, तशी सुचिताने दाराशी उभ्या असलेल्या नणंदेचा हात धरला, आत ओढला आणि डॉक्टरणीच्या टेबलावर ठेवला.

“हेंका बर्फान बरा वाटता,” एवढंच ती म्हणाली.

डॉक्टरीण कोवळी पोरगी होती, वेणी घातलेली. तिने आधी हात पाहिले, रेघा पाहिल्या. घरात आणखी कुणाला खाज आहे का, विचारलं. नव्हती. उन्हात वाढते का? वाढत होती. बर्फ लावला की थांबते? शेवंतीने चोरी पकडल्यासारखी मान हलवली.

मग ती पोरगी उठून शेवंतीच्या मागे आली आणि तिने तिच्या मानेवर बोटं टेकवली. दाबली. शेवंती कळवळली.

“मावशी, डोक्यावरून काय वाहिलंत?”

“मासे,” शेवंती म्हणाली. “चौतीस वर्सां.”

मानेचा फोटो काढला. काळ्या फिल्मवर शेवंतीची मान उभी राहिली, मणके एकमेकांवर बसलेले, मधली जागा झिजून गेलेली. चौतीस वर्षांचे बांगडे, तारल्या, कोळंब्या त्या मणक्यांवर बसून बाजाराला गेल्या होत्या.

“खाज हातात नाहीच, मावशी. मानेत आहे,” डॉक्टरीण म्हणाली. “इथून हाताकडे जाणारी नस दबली आहे. ओरडते ती नस, आणि मार खातो हात.” तिने नसेच्या गोळ्या लिहून दिल्या, मानेचे व्यायाम दाखवले, उन्हात लांब बाह्या घालायला सांगितल्या. खाज उठली की फडक्यात बर्फ गुंडाळून धरा, म्हणाली. डोक्यावर ओझं मात्र आता कधीच नाही. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतील, हेही सांगितलं. मग तिची नजर बाबलच्या खांद्यावरच्या बाळाकडे गेली. “आणि ही खाज कुणाला लागत नाही. भाचीला खुशाल घ्या.”

परतीच्या वाटेवर शेवंतीच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. कोळंबीचा काही दोष नव्हता. समुद्राचा शाप नव्हता. पाटीने तिची मान दाबली होती, आणि त्याच पाटीतल्या बर्फाने रोज पहाटे तिचे हात निववले होते. धंदा सोडला त्या दिवशी तिने नकळत औषधच सोडलं होतं. तिला हसू आलं आणि थोडा रागही आला. वर्षभर ती बिचाऱ्या कोळंबीला शिव्या घालत होती.

एवढं कळलं म्हणून सगळं पटलं, असं मात्र झालं नाही. डॉक्टरीण शिकलेली होती, पण केवढीशी! तिचं वय ते काय, आणि खरूज काय करते ते पाहिलेल्या बाईचा अनुभव तो काय. चुकली तर? मान आपली गेली तरी चालेल; पोरीच्या लोण्यासारख्या अंगावर एक जरी रेघ उठली तर? दुसऱ्या दिवशीही बाळ रडलं, आणि शेवंतीचे हात पदराखालीच गेले. दुपारी ती सुचिताला म्हणाली, “काशीक सांगून ठेवतंय मी. उद्या तीच नाव ठेवांदे.”

सुचिता स्वयंपाकघरात गेली. पंच्याच्या घडीत बर्फाचे खडे गुंडाळून घेऊन आली आणि शेवंतीसमोर जमिनीवर बसली.

“हात द्या, ताई.”

“मी लावतंय गो. तू बाळंतीण. गारठ्यात हात घालू नको.”

सुचिताने तिचं ऐकलं नाही. तिने शेवंतीचा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला आणि कोपरापासून खाली, सावकाश, हिमशीतल घडी फिरवली. खालून वर, वरून खाली. बर्फ वितळत होता, ओघळ रेघांमधून वाहत होते. मग सुचिताने घडी बाजूला ठेवली आणि उघड्या तळव्याने ती ओली कातडी पुसली. लाल रेघांवरून, काळ्या रेघांवरून, जिथे वर्षभरात कुणाचा हात फिरला नव्हता, तिथून. तिने घाई केली नाही. उजवा हात झाला, मग डावा.

तेवढ्यात बाळ जागं झालं, रडलं. सुचिता उठली. ओले तळवे तिने फक्त लुगड्याला पुसले. तिने धुतले नाहीत. त्याच तळव्यांनी तिने आपली बारा वर्षांनी झालेली लेक उचलली, त्याच तळव्यांनी तिची मान सावरली, त्याच बोटांनी तिचा गाल आपल्या छातीकडे वळवला. मग नणंदेच्या डोळ्याला डोळा भिडवून तिथेच पाजायला बसली.

शेवंती बघत राहिली. डॉक्टरणीचं शास्त्र तिला पटलं नव्हतं. पण कुठलीही आई अशी पैज लावत नाही, हे तिला पटलं. ती भिंतीकडे तोंड करून पोटभर रडली. सुचिताने तिला रडू दिलं.

बाराव्या दिवसाची सकाळ झेंडूवर्णी उजाडली. पाळण्याला फुलांच्या माळा लागल्या, घुगऱ्यांचा वास घरभर पसरला, वाडीतल्या बाया नऊवारी सळसळवत आल्या. शेवंतीने लांब बाह्यांचं पोपटी पोलकं घातलं होतं. बारशाआधी पाव तास ती विहिरीजवळ फडक्यातल्या बर्फात हात घालून बसली होती, आणि बाबल हातात घड्याळ घेऊन तिच्यावर पहारा देत होता.

मग ती आत आली, बसली, आणि तिने हात पुढे केले.

सुचिताने बाळ त्या हातांत ठेवलं. किती हलकं! शेवंतीने आयुष्यभर ओझी उचलली होती, पण हे ओझं तिने दोन्ही कोपरं अंगाशी घेऊन, जपून धरलं. गार हात लागताच बाळ दचकलं, ओठ काढले, आता रडणार असं वाटलं. आणि मग त्याने विचार बदलला आणि जांभई दिली. बाया हसल्या. शेवंतीने त्याला पाळण्यावरून फिरवलं, छातीशी घेतलं, आणि त्या शिंपल्याएवढ्या कानाशी ओठ नेले.

नाव तिने बारा वर्षं जपलं होतं. एका मास्तरणीच्या दारात मासे तोलताना ऐकलेलं, आणि लगेच उचलून मनात ठेवलेलं. ती ते हळूच बोलली, आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

“स्वानंदी.”

“कुर्रर्र!” बाया ओरडल्या, आणि रीतीप्रमाणे आत्याच्या पाठीत धपाधप घालायला त्यांचे हात वर झाले. “हळू!” दारातून बाबल गरजला. “मान आसा ती! मानेक धक्को लागतलो!” वर झालेले हात तिथेच थांबले. मग एकेक खाली आला, आणि सगळ्यांनी शेवंतीच्या पाठीवरून नुसता मायेने हात फिरवला. इतकं शांत बारसं त्या वाडीत पूर्वी झालं नव्हतं.

गाणी सुरू झाली. बाळाला पाळण्यात ठेवायला हवं होतं, पण शेवंतीच्या हातून ते कुणी मागेना. पोलक्याची एक बाही कोपरापर्यंत सरकली होती. बर्फाचा गारवा ओसरत होता, आत कुठेतरी एकदोन मुंग्या पुन्हा चुळबुळू लागल्या होत्या. त्या येणार, जाणार, हे आता तिला ठाऊक होतं. तिने बाही खाली ओढली नाही.

तेव्हा स्वानंदीने झोपेत मूठ उघडली. बारा दिवसांची, अजून न कापलेली, अभ्रकाच्या पापुद्र्यासारखी नखं. ती इवलीशी बोटं शेवंतीच्या उघड्या हातावर पडली आणि खाली घसरली.

“अगो बाय! हातमोजे घाला तिका,” कुणीतरी म्हणालं. “ओरबाडल्यान बघ आत्येक!”

“रवांदे,” शेवंती म्हणाली. “ओरबाडूंदे.”

तिने वाकून पाहिलं. जुन्या काळ्या रेघांच्या गर्दीत एक नवी रेघ उमटत होती. केसाएवढी बारीक, गुलाबी, कोवळी. तेवढी एकच रेघ तिने स्वतः ओढलेली नव्हती. शेवंतीने ती पुसली नाही, चोळली नाही. पाळणा रिकामाच झुलत राहिला, बाहेर समुद्र उन्हात निळा निळा झुलत राहिला, आणि आत्याच्या गार हातावर भाची निवांत झोपली.